आफ्रिका म्हणजे कोणती आफ्रिका?

गेल्या पावसाळ्यात एका हौसिंग सोसायटीच्या इतिवृत्ताची झेरॉक्स माझ्या टेबलावर आली. ठराव दोनच ओळींचा होता. सोसायटीतील कोणत्याही सभासदाने आपली सदनिका 'आफ्रिकन इसमास' भाड्याने देऊ नये आणि दिल्यास दंड आकारण्यात येईल. सदनिकेचा मालक माझा अशील. त्याने इथिओपियातून शिकायला आलेल्या दोन विद्यार्थ्यांना जागा देण्याचे कबूल केले होते, टोकनही घेतले होते. आता करायचे काय, हे विचारायला तो आला होता.

ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे होती. अनुमोदकाचे नाव वाचले आणि मी चष्मा काढून पुसला. वाचकहो, तो आपलाच माणूस. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा, जयंतीची पावती न मागता फाडणारा. पंधरा वर्षांपूर्वी याच माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाला आडनाव ऐकून जागा नाकारली गेली होती, आणि तेव्हाची त्याची तक्रार मीच माझ्या हाताने लिहून दिली होती.

मी त्याला फोन केला. म्हटले, "दादा, हे काय केले?"

"वकीलसाहेब, तुम्हाला माहीत नाही. ते लोक वेगळे असतात. त्यांचे खाणेपिणे, रात्रीचा धिंगाणा..."

"कोण लोक?"

"आफ्रिकेतले."

"आफ्रिकेतल्या कुठल्या देशातले?"

"आता आफ्रिका म्हणजे आफ्रिका. सगळे एकच की!"

या 'सगळे एकच की' वर मी पुढचे आठ दिवस विचार करीत होतो. कायद्याचा मुद्दा सरळ आहे. सभासदाने भाडेकरू ठेवला तर सोसायटीला कळवायचे आणि परदेशी नागरिक असेल तर पोलिसांकडे नोंद करायची. वंश पाहून मज्जाव करण्याचा अधिकार कोणत्याही उपविधीने सोसायटीला दिलेला नाही. भारतीय संविधानाचे कलम १४ 'नागरिक' म्हणत नाही, 'कोणतीही व्यक्ती' म्हणते. हे सर्व नोटिशीत लिहिता येते आणि मी ते लिहिलेही. पण नोटीस मिळाल्याने अनुमोदकाच्या डोक्यातली आफ्रिका बदलत नाही. ती तिथे शाळेतच बसलेली असते.

म्हणून ठरविले की, आमच्या विहारात दर रविवारी आठवी ते दहावीच्या मुलांचा जो अभ्यासवर्ग चालतो, त्यातले तीन रविवार आफ्रिकेला द्यायचे.

पहिल्या रविवारी मी फळ्यावर फक्त 'आफ्रिका' हा शब्द लिहिला आणि मुलांना विचारले, काय काय आठवते? उत्तरे भराभर आली. सिंह. जंगल. टारझन. वाळवंट. उपाशी मुले. एड्स. नरभक्षक. एका मुलाने क्रिकेटचा संघ सांगितला. एका मुलीने नेल्सन मंडेला म्हटले, तेव्हा मला जरा हायसे वाटले. पण अडतीस मुलांपैकी एकानेही एखाद्या शहराचे नाव घेतले नाही. पुस्तकाचे, वाद्याचे, लिपीचे तर सोडाच. भाषा कोणती असे विचारल्यावर तिघेचौघे एकदम म्हणाले, "आफ्रिकन!"

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या शाळेत भूगोलाचे मास्तर 'अंधारे खंड' म्हणून धडा सुरू करीत आणि पिग्मी, बुशमेन यांची दोन चित्रे दाखवून संपवीत. आजही गावोगावच्या स्नेहसंमेलनात 'आफ्रिकन डान्स' असतो. मुलांच्या तोंडाला काळा रंग फासायचा, कमरेला पाला गुंडाळायचा, हातात भाला द्यायचा आणि 'झिंगालाला' ओरडत नाचवायचे. पालक मोबाईलवर चित्रीकरण करतात. आणि हे केवळ इतरांच्या शाळांत होते असे समजू नका. आपल्या वस्तीतल्या एका जयंतीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात मी हा नाच पाहिला आहे, पुढच्या रांगेत पाहुणा म्हणून बसून पाहिला आहे, आणि टाळ्या वाजवल्या आहेत. लाज वाटते, पण सांगितले पाहिजे.

तर आधी नकाशा. भिंतीवर जो जगाचा नकाशा आपण पाहतो तो बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. इ.स. १५६९ मध्ये तो खलाशांच्या सोयीसाठी तयार झाला. त्यात विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका प्रदेश फुगतो. त्यामुळे ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट मोठी आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारतासारखे नऊ देश तीत मावतील. २०२५ साली आफ्रिकन युनियनने हा नकाशा शाळांतून, कार्यालयांतून हटवावा या मोहिमेला पाठिंबा दिला. मी मुलांना पुठ्ठ्याचे नऊ भारत कापायला लावले आणि जमिनीवर आखलेल्या आफ्रिकेत बसवायला लावले. बसता बसता मुलेच म्हणू लागली, "सर, एवढी मोठी?"

एवढ्या मोठ्या भूमीवर संयुक्त राष्ट्रसंघाचे ५४ सदस्य देश आहेत. भाषा सुमारे दोन हजार. एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक, इथिओपियात ऐंशीच्या वर. 'आफ्रिकन' ही भाषा कोणी बोलत नाही, जशी 'आशियाई' भाषा कोणी बोलत नाही.

ही अडाणीपणाची परंपरा मोठ्या मोठ्या विद्वानांनी चालविलेली आहे. हेगेल हा जर्मन तत्त्ववेत्ता आफ्रिकेला जगाच्या इतिहासात जागाच नाही असे शिकवीत असे. १९६३ साली ऑक्सफर्डचा इतिहासाचा प्राध्यापक ट्रेव्हर-रोपर म्हणाला की, आफ्रिकेत असलाच तर तिथल्या युरोपियनांचा इतिहास आहे, बाकी सगळा अंधार. ज्यांना इतिहास नाही त्यांच्यावर राज्य करणे म्हणजे उपकार, असा हा सरळ हिशेब. पुढच्याच वर्षी युनेस्कोने आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास आफ्रिकी इतिहासकारांच्या पुढाकाराने लिहून घेण्याचे काम हाती घेतले आणि त्याचे आठ खंड निघाले. 'तुम्हाला इतिहासच नाही' हे वाक्य कोणत्या तोंडातून आणि कशासाठी येते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याचा उत्तम नमुना म्हणजे ग्रेट झिंबाब्वे. दक्षिण आफ्रिका खंडातील या दगडी नगराच्या भिंती कुठे कुठे अकरा मीटर उंच आहेत. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड घडवून बसवलेले. अकराव्या ते पंधराव्या शतकात शोना लोकांच्या पूर्वजांनी ते बांधले. उत्खननात तिथे चिनी मातीची भांडी आणि भारतातून गेलेले काचेचे मणी सापडले, म्हणजे सोन्याचा व्यापार हिंदी महासागरापार चाललेला होता. पण १८७१ साली कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तिथे पोचला आणि म्हणाला, हे शेबाच्या राणीचे काम असले पाहिजे. मग कोणी म्हणाले फिनिशियन, कोणी म्हणाले अरब. कोणीही चालेल, पण काळा माणूस नको! १९०५ मध्ये रॅन्डल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या पुरातत्त्वज्ञांनी खणून पाहून सांगितले की, हे स्थानिक आफ्रिकनांचेच बांधकाम आहे. तरीही ऱ्होडेशियातील गोऱ्यांची राजवट शेवटपर्यंत हे मान्य करायला तयार नव्हती. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने खरे ते लिहिले, त्याला १९७० च्या सुमारास देश सोडावा लागला. १९८० साली देश स्वतंत्र झाला आणि त्याने आपले नावच त्या दगडी घरांवरून घेतले. तिथला दगडी पक्षी आज त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे.

हे सांगून झाल्यावर मी मुलांना एवढेच विचारले की, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक काय म्हणतात? वर्गात हशा पिकला. पांडव बिचारे वनवासात छिन्नी-हातोडा घेऊन डोंगर खोदत फिरत होते म्हणायचे! भिक्खूसंघासाठी दान दिलेल्यांची नावे शिलालेखांत असताना कर्तृत्व पांडवांचे. तिकडे शेबाची राणी, इकडे पांडव. यापेक्षा जास्त स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

दुसऱ्या रविवारी मी त्या दोन इथिओपियन विद्यार्थ्यांनाच वर्गात बोलावले. जागा अजून मिळालेली नव्हती, एका वर्गमित्राकडे अंग चोरून राहत होते. मुले आधी बुजली. मग त्यातल्या एकाने फळ्यावर आपली अक्षरे काढली. अम्हारिक भाषेची ही लिपी प्राचीन गीझ लिपीतून आलेली. तीत तेहतीस मूळ अक्षरे आणि प्रत्येकाची स्वरानुसार सात रूपे. बु, बी, बा, बे, बो असे तो म्हणू लागला आणि मागच्या बाकावरचा पोरगा ओरडला, "सर, ही तर बाराखडी!" अगदी बरोबर. व्यंजनाला स्वराची खूण जोडून अक्षर बनविण्याची ही पद्धत आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. इंग्रजीला ती ठाऊक नाही. ज्यांना आपण 'लिपी नसलेले जंगली' समजत होतो त्यांचे अक्षर आपल्या अक्षराला इंग्रजीपेक्षा जवळचे निघाले.

त्याने आणखी एक गंमत सांगितली. त्यांचे पंचांग तेरा महिन्यांचे आहे. बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांच्याकडे २००० साल उजाडले ते आपल्या १२ सप्टेंबर २००७ रोजी. घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सात म्हणजे त्यांचा एक वाजतो. "म्हणजे मी तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान," असे तो म्हणाला तेव्हा मुलांची भीड पार गेली.

आता गंमत अशी की हे दोघे एकाच देशाचे, पण दोघांची मातृभाषा निराळी. दुसऱ्याची भाषा ओरोमो, ती रोमन लिपीत लिहितात. पहिला ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. इथिओपियाचा ख्रिश्चन धर्म गोऱ्या मिशनऱ्यांनी नेलेला नाही. अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाला होता, म्हणजे इंग्लंडच्या राजांच्या कितीतरी आधी. दुसरा मुसलमान. पहिला दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतो, त्या दिवशी मांस नाही, दूध नाही, अंडे नाही. वर्षातले निम्मे दिवस असे मोडतात. डाळीवर भागवतो. आणि सोसायटीला भीती कशाची, तर 'त्यांच्या खाण्यापिण्याची'!

खाण्यावरून आठवले. त्यांची इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून तव्यावर टाकलेली मोठी जाळीदार आंबोळी. इथे टेफ मिळत नाही, म्हणून नाचणीच्या पिठाची करून पाहतो असे तो म्हणाला. तेव्हा मी मुलांना विचारले की, नाचणी कोणाची? सगळे म्हणाले, आपली, कोकणातली. नाही. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. ज्वारी सुदानच्या बाजूची, तिथे पाच हजार वर्षांपूर्वी ती पेरली जात होती. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिण काठाची. चवळीही तिकडचीच. ही धान्ये हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि इथल्या कोरडवाहू जमिनीत रुजली. गव्हाची पोळी ज्यांच्या ताटात सणालासुद्धा येत नव्हती, त्या आपल्या आजे-पणज्यांना ज्या भाकरीने जगवले, ती भाकरी आफ्रिकेच्या शेतकऱ्याने रानातल्या गवतातून निवडून निवडून तयार केलेली आहे. हे वाक्य मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात शाळेत असताना वाचले नाही. वाचले असते तर 'अंधारे खंड' म्हणणाऱ्या मास्तरांना एखादा प्रश्न तरी विचारला असता.

त्या दिवशी वेळ कसा गेला कळले नाही. लालिबेलाची अकरा चर्चेस दाखवली, अखंड खडकात वरून खाली खोदत आणलेली, जसे वेरूळचे कैलास लेणे. वेरूळ आमच्या सहलीचे ठिकाण, त्यामुळे मुलांना वरून खाली खोदणे म्हणजे काय हे समजावे लागले नाही. खोसा भाषेतले टाळूला जीभ लावून काढायचे टिचकीचे आवाज सर्वांनी काढून पाहिले. आपण हळहळताना 'च्च च्च' करतो तो त्यांच्याकडे एका व्यंजनाचा आवाज आहे, आणि घोड्याला हाकताना गालातून काढतो तो दुसऱ्या व्यंजनाचा. सहारातल्या तुआरेग लोकांत तोंडावर कापड पुरुष घेतात, बाया नाही, हे ऐकून मुली खूष झाल्या. मादागास्करची भाषा आफ्रिकेतल्या भाषांशी नाते न सांगता दूर बोर्निओशी सांगते, कारण तिथले लोक होड्यांतून हिंदी महासागर ओलांडून आले आणि भाताची शेती सोबत घेऊन आले. पूर्व किनाऱ्याची स्वाहिली तर गाडीला 'गारी' म्हणते, चपातीला 'चपाती', दुकानाला 'दुका'.

आणि मुलांना सर्वांत जास्त काय आवडले असेल तर गिनी देशातल्या दोन भावांची गोष्ट. इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी. एक चौदा वर्षांचा, दुसरा दहाचा. १९८९ साली त्यांनी आपल्या फुलानी भाषेसाठी स्वतःची लिपी तयार केली, कारण अरबी आणि रोमन अक्षरांत त्यांच्या भाषेचे सगळे आवाज बसत नव्हते. घरात दार लावून, डोळे मिटून रेघा ओढायच्या आणि त्यातली चांगली रूपे निवडायची. आधी बहिणीला शिकवली, मग बाजारात. 'अडलाम' हे तिचे नाव. २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, आज मोबाईलवर आहे. दहा वर्षांचा पोरगा लिपी काढतो, ही गोष्ट सिंहापेक्षा जास्त लक्षात राहते हे मी अनुभवाने सांगतो.

इथपर्यंत सगळे गोड झाले. तिसऱ्या रविवारी काय शिकवायचे यावरून विहाराच्या समितीत थोडी खडाजंगी झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "आता चांगले सांगितलेत, तेवढेच राहू द्या. वाईट सांगून काय मिळणार?" त्यांचा हेतू चांगला होता. पण मला ते पटले नाही. आफ्रिकेला नरक म्हणणे हे जसे तिला न पाहणे आहे, तसेच तिला स्वर्ग म्हणणे हेही न पाहणेच आहे. वैविध्य म्हणजे केवळ नाच, मुखवटे आणि पदार्थ नव्हे. कोणी कोणाला खाली दाबले, हाही संस्कृतीचाच भाग असतो. आपल्याकडे 'विविधतेत एकता' म्हणताना नेमके हेच गाळतात.

म्हणून मी ओसूंबद्दल सांगितले. नायजेरियातील इग्बो समाजात देवाला वाहिलेल्या माणसांना ओसू म्हणत. त्यांच्या पिढ्यान् पिढ्या ओसूच राहत. त्यांच्याशी लग्न नाही, बरोबरीने बसणे नाही. १९५६ साली पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने कायदा करून ही प्रथा रद्द केली, पण लग्न ठरवताना चौकशी अजून होते. चिनुआ अचेबे यांच्या १९६० सालच्या 'नो लाँगर ॲट ईझ' या कादंबरीत विलायतेत शिकून आलेला तरुण ओसू मुलीशी लग्न करायचे म्हणतो, तेव्हा आयुष्यभर चर्चची सेवा केलेला त्याचा बापच आडवा येतो. धर्म बदलला, पण डोके बदलले नाही. वर्गात एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हे तर आपल्यासारखेच." मी म्हटले, हो, आणि म्हणूनच २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा आपली माणसे तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेली होती. भारत सरकारने त्याला विरोध केला. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावाबद्दल २९ क्रमांकाची शिफारस काढली, तीत जात आहे. त्या शिफारशीच्या छायेत आज आफ्रिकेतले असे समाजही येतात.

मालीचे 'जेली' आपल्या शाहिरांसारखे. एकवीस तारांचा कोरा वाजवून राजघराण्यांचा इतिहास तोंडपाठ गाणारे. पण तेही बंदिस्त जातीसारखे, लग्ने आपापसांत. सालिफ कैटा हा जगप्रसिद्ध गायक उलट राजवंशातला, म्हणून त्याने गाणे म्हणजे कुळाला बट्टा ठरले. मॉरिटानियाने गुलामगिरी रद्द केली ती १९८१ साली, आणि तिला गुन्हा ठरवायला २००७ उजाडले. रवांडात हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच डोंगरावर राहत. बेल्जियमच्या राजवटीने १९३० नंतरच्या दशकात ओळखपत्रांवर जमातीचा रकाना छापला आणि १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली तेव्हा रस्त्यारस्त्यावर तोच रकाना तपासला जात होता. वर्ग त्या वेळी एकदम शांत होता. मी पुढे काही बोललो नाही, चहाची सुट्टी दिली.

चहानंतर दक्षिण आफ्रिका. हा माझ्या धंद्याचा विषय, त्यामुळे जरा जास्त बोललो, वाचकांनी क्षमा करावी. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यामागचे डोके म्हणजे व्हर्वुर्ड. काळ्या मुलाला गणित शिकवून काय उपयोग, ते त्याला वापरायला मिळणारच नाही, असे हा गृहस्थ उघड म्हणे. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेची सक्ती नको म्हणून रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. १९९१ पासून १६ जून हा आफ्रिकी बालकाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या शाळा उघडतात त्याच सुमाराचा हा दिवस. गुलाबाची फुले देऊन प्रवेशोत्सव होतो, त्यात एक तास या मुलांसाठी काढता येणार नाही का?

त्या मुलांच्या देशाने पुढे जे संविधान केले त्यावर मंडेलांनी १० डिसेंबर १९९६ रोजी सही केली. त्यात अकरा अधिकृत भाषा आहेत, २०२३ मध्ये खुणांची भाषा बारावी झाली. त्यांचे संविधान न्यायालय जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभे आहे आणि तुरुंगाच्याच विटा त्या इमारतीत वापरल्या आहेत. समतेच्या कलमात भेदभाव न करण्याचे बंधन सरकारबरोबर खासगी माणसावरही घातले आहे. त्याखाली २००० साली कायदा झाला, समता न्यायालये आली. घरमालकाने वंश पाहून जागा नाकारली तर तिथला भाडेकरू त्या न्यायालयाची पायरी चढू शकतो. माझ्या अशिलाच्या फाईलकडे पाहताना मला हे वारंवार आठवत होते. अर्थात त्याच देशात मे २००८ मध्ये झिंबाब्वे, मोझांबिककडून आलेल्या मजुरांवर झुंडी चालून गेल्या आणि साठाहून अधिक लोक मेले, हेही मी मुलांना सांगितले.

आणि आपल्या देशात? २०१३ साली गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाल्यानंतर नायजेरियनांविरुद्ध फलक लागले. २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशनमध्ये एका मंत्र्याच्या उपस्थितीत मध्यरात्री आफ्रिकी स्त्रियांच्या घरांवर छापे पडले. २०१६ मध्ये बंगळुरात टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली, दिल्लीत फ्रेंच शिकवणाऱ्या कांगोच्या तरुणाला दगडाने ठेचून मारले. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नरभक्षक असल्याची आवई उठवून नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये झोडपले. पहिल्या रविवारी माझ्या फळ्यावर 'नरभक्षक' हा शब्द आला होता, तो कुठून येतो आणि कुठे जातो ते पाहा.

आपल्या चळवळीलाही इथे स्वतःकडे पाहावे लागेल. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आपण काळ्या माणसाला बंधू मानले, पण तो अमेरिकेतला. आफ्रिकेशी आपला संबंध अमेरिकेमार्गे आला आणि तिथेच थांबला. न्गुगी वा थिओंगो यांनी गिकुयू या मातृभाषेत नाटक केले म्हणून १९७७ च्या अखेरीस त्यांना तुरुंगात टाकले आणि त्यांनी तिथे शौचाच्या कागदावर कादंबरी लिहिली. २०२५ साली ते गेले. आपल्या किती साहित्य संमेलनांत त्यांचे नाव घेतले गेले? आणि ज्या मलिक अंबरने इथिओपियातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत येऊन निजामशाही सावरली, खडकी नावाचे शहर वसवले, तिथे नहर आणली, त्याची कबर खुलताबादेत आहे. तिथून वेरूळ किती अंतरावर आहे हे सहल नेणाऱ्या शिक्षकांना ठाऊक असते. गाडी मात्र तिथे थांबत नाही.

यंदा आमच्या वर्गाची थांबली. त्या दोघा विद्यार्थ्यांनाही आम्ही नेले. कबरीपाशी ओरोमो बोलणारा बराच वेळ गप्प उभा होता. नंतर म्हणाला, आमच्या शाळेत याच्याबद्दल काही नव्हते. मी म्हटले, आमच्याही.

ठराव अजून रद्द झालेला नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा म्हणून माझ्या अशिलाने लेखी अर्ज दिला आहे. अर्जावर सूचकाची सही झाली, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. अनुमोदक दादाला मी फोन करून सांगितले की, तुमचा धाकटा मुलगा आमच्या वर्गात येतो आणि त्याला अम्हारिकमध्ये स्वतःचे नाव लिहिता येते. दादा म्हणाला, "हो, घरी भिंतीवर लिहिलंय त्यानं." मग थोडे थांबून, "अर्ज पाठवा, बघतो," म्हणाला.

अर्ज पाठवला आहे.